कर्नाकचं देऊळ दिवसभर चालायचं कसं?

शिळालेख:

इजिप्तमधल्या कर्नाकच्या, म्हणजे अमून देवाच्या देवळाबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुधा खांबांच्या उंचीपाशी संपतं. खांब थोरच आहेत, वाद नाही. पण रोज पहाटे आत कोण जायचं, हातात काय घेऊन जायचं, काय उघडायचं आणि निघताना काय पुसायचं, हे कळलं की नकाशातली एकेक खोली उलगडत जाते. ते देवाचं राहतं घर होतं. देवाला उठवणं, न्हाऊ घालणं, कपडे बदलणं, जेवू घालणं ही तिथली रोजची कामं, आणि अख्खी वास्तू त्या कामांसाठी आखलेली. या धाग्यात तेवढाच धागा धरून बोलू या. हिशेब, धूप, बांधकाम, दगडांची दुखणी यांतले जाणकार इथे आहेत, त्यांनी भर घालावीच.

नित्यपूजेची माहिती मुख्यतः दोन ठिकाणी मिळते. एक, बर्लिनमधला ३०५५ क्रमांकाचा पपायरस, म्हणजे पाणवनस्पतीच्या कागदाची गुंडाळी: बाविसाव्या राजवंशाच्या काळातला, कर्नाकच्या अमूनच्या पूजेचा, एकूण ६६ मंत्र. दुसरं, अबायडोस गावचं सेती पहिला या राजाचं देऊळ, इ.स.पू. १३व्या शतकातलं. तिथे सात गाभारे शेजारी शेजारी आहेत आणि खुद्द सेतीचा सोडून बाकीच्या देवांच्या गाभाऱ्यांत हीच पूजा भिंतींवर चित्रांत कोरली आहे, एका गाभाऱ्यात ३६ प्रसंग. भिंतीवरचे प्रसंग कुठून कुठे वाचायचे यावर अभ्यासकांचं एकमत नाही आणि पपायरसातला क्रम भिंतींशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून पुढचा क्रम ढोबळ धरा.

उजाडायच्या आधी भटारखाना आणि कत्तलखाना चालू झालेला असे. पुजारी पवित्र तलावात स्नान करून, नॅट्रॉनने तोंड स्वच्छ करून येई. नॅट्रॉन म्हणजे नैसर्गिक सोडाक्षार, एल-काब आणि वादी नत्रून इथून आणलेला. पूजेत दोन्ही ठिकाणच्या क्षारांचं नाव वेगवेगळं घेतात. मग अग्नी पाडायचा, धुपाटणं हातात घ्यायचं, त्यावर वाटी बसवायची, वाटीत धूप घालायचा. यातल्या प्रत्येक कृतीला स्वतंत्र मंत्र आहे. गाभाऱ्याच्या लाकडी दारांना दोरी बांधून तिच्यावर मातीचा शिक्का मारलेला असे. दोरी तोडायची, शिक्का फोडायचा, अडसर ओढायचा. मंत्रात हा अडसर सेत देवाचं बोट आहे, त्याचा वैरी होरस देव याच्या डोळ्यात रुतलेलं. तो काढला की डोळा मोकळा होतो. दार उघडल्यावर देवाचं मुख दिसतं. पुजारी जमिनीला ओठ लावतो, पालथा पडतो, उठून स्तोत्र म्हणतो, मूर्तीला हात लावतो आणि माआतची छोटी मूर्ती पुढे करतो. माआत म्हणजे जगाची घडी नीट ठेवणारी सत्य-न्यायाची देवी. बाकी कुठलाही नैवेद्य चुकला तरी चालेल, पण हा चुकता कामा नये, असं या पूजेचं एकूण वजन आहे.

त्यानंतर न्हाणं. कालचं उटणं आणि वस्त्रं उतरवायची, चार नेमसेत घड्यांनी आणि चार तांबड्या घड्यांनी पाणी घालायचं, धुपाने शुद्ध करायचं. मग पांढरं, हिरवं, तांबडं अशी कापडं क्रमाने. मेजेत नावाचं सुगंधी तेल कपाळाला लावायचं. अबायडोसला राजा ते करंगळीने लावताना दाखवला आहे. डोळ्यांना हिरवं आणि काळं अंजन. शेवटी स्वच्छ वाळू पसरायची, परत नॅट्रॉन, परत धूप. दार लावून नवा शिक्का. पुजारी मागे सरत निघतो आणि झाडूने आपल्या पावलांच्या खुणा पुसत जातो. या शेवटच्या कृतीला इजिप्तमध्ये ‘पाऊल आणणं’ म्हणत आणि ती भिंतींवर कोरलेली सापडते.

दुपारची पूजा छोटी, पाणी शिंपडणं आणि धूप एवढीच. संध्याकाळी पुन्हा नैवेद्य.

आता हे डोक्यात ठेवून आराखडा बघा. पहिल्या दारातून (‘दार’ म्हणजे इथे दोन जाडजूड बुरुजांचं प्रवेशद्वार) आत जावं तशी जमीन थोडी थोडी चढते, छत खाली येतं, उजेड कमी होतो. मोठ्या स्तंभदालनात मधल्या दोन ओळींचे १२ खांब सुमारे २१ मीटर, बाकीचे १२२ सुमारे १५ मीटर. या उंचीच्या फरकात दगडी जाळ्यांच्या खिडक्या बसवल्यात, म्हणून उजेड फक्त मधल्या वाटेवर पडतो. ती वाट मिरवणुकीची. उजेडातले मधले खांब उमललेल्या पपायरसच्या शेंड्यांचे आहेत आणि अंधारातले बाजूचे मिटलेल्या कळ्यांचे.

पाटीपेन्सिल:

उत्तम धागा. तीन शंका. भिंतींवर सगळीकडे राजाच पूजा करताना दिसतो, पण तो रोज कर्नाकला कसा असेल? मूर्ती केवढी होती? आणि नैवेद्याचं पुढे काय व्हायचं, आपल्याकडे प्रसाद वाटतात तसं काही?

शिळालेख:

राजा फक्त चित्रात. तत्त्वतः देवांशी बोलायचा अधिकार त्याचाच, म्हणून चित्रात दुसरं कुणी चालत नाही. प्रत्यक्षात मुख्य पुजारी किंवा त्या दिवशी पाळी असलेला वरच्या दर्जाचा पुजारी आत जायचा आणि दारातच सांगायचा की देवाला पाहायला मला राजाने पाठवलं आहे. हे वाक्य बर्लिनच्या पपायरसात आहे.

मूर्तीचं म्हणाल तर, जी मूर्ती रोज न्हाऊ घालून पेटीसारख्या दगडी देव्हाऱ्यात ठेवायची, ती माणसाला उचलता-हाताळता येणारीच असणार. एदफूच्या देवळात नेक्तानेबो दुसरा या राजाचा दगडी देव्हारा अजून जागेवर आहे, सुमारे ४ मीटर उंच. आतली जागा पाहिली की मापाचा अंदाज येतो. दारासमोरचे महाकाय पुतळे राजांचे, बाहेरच्यांसाठी. त्यांना पूजेतली मूर्ती समजू नये.

नैवेद्याचं ताम्रपट यांनी सांगावं.

ताम्रपट:

प्रसादाशी साम्य आहे, पण एक मोठा फरक आहे. प्रसाद भक्ताला मिळतो. इथे नैवेद्य म्हणजे नोकरांचा पगार होता. देवापुढून उचललेलं अन्न आधी त्याच देवळातल्या लहान देवांपुढे आणि राजांच्या पुतळ्यांपुढे जायचं, मग कर्मचाऱ्यांमध्ये ठरलेल्या वाट्यांनी विभागलं जायचं. नाणी नव्हती. भाकरी आणि बिअर हेच वेतन.

याचा सगळ्यात सुंदर हिशेब लाहून गावी मिळालेल्या पपायरसात आहे, राजा सेनुस्रेत दुसऱ्याच्या देवळाचा, इ.स.पू. १९व्या शतकातला. रोज ४१० भाकरी आल्या. त्यांतल्या ३४० मृतांच्या सेवेतल्या पुजाऱ्यांकडे गेल्या. उरल्या ७०, शिवाय एका प्रकारच्या बिअरचे ३५ घडे आणि दुसऱ्या प्रकारचे ११५½. या सगळ्याचे ४२ वाटे. एका वाट्याला १⅔ भाकरी. देवळाच्या प्रमुखाला १० वाटे, म्हणजे १६⅔ भाकरी, ८⅓ घडे आणि २७⅔ घडे. मुख्य पाठकाला (मंत्र वाचणाऱ्या पुजाऱ्याला) ६ वाटे, साध्या पाठकाला ४, द्वारपालाला एक तृतीयांश.

आता हिशेब तपासा. ११५½ ला ४२ ने भागलं तर २¾ येतात. लेखनिकाने लिहिलंय २⅔ अधिक एक दशांश, म्हणजे किंचित जास्त. ४२ ने गुणलं की सगळ्यांचे मिळून सुमारे पाऊण घडा बिअर जास्त वाटली जाते. अपूर्णांक लिहायची त्यांची पद्धत एकांशांची होती, म्हणजे वर नेहमी १ असलेल्या अपूर्णांकांची, ⅔ हा अपवाद. त्यात भागाकार करताना अशी चूक सहज घुसते. आणि १६⅔ भाकरी एक माणूस खात नाही हे उघड आहे. उरलेल्या भाकऱ्या घरच्यांना, हाताखालच्यांना, बाजारात अदलाबदलीला. शिवाय ‘⅔ भाकरी’ प्रत्यक्ष मोडून देत असतील असंही नाही. भाकरी हे हिशेबाचं एकक, त्यामागे धान्याचं माप.

धान्याचं माप कसं लावत तेही सांगतो, कारण इथे बरेच लोक फक्त भाकरींची संख्या वाचून चकित होतात. माप म्हणजे हेकात, सुमारे ४.८ लिटर. एका हेकात धान्यापासून किती भाकऱ्या निघतात तो आकडा म्हणजे पेफसू. पेफसू १० म्हणजे हेकाताला १० भाकऱ्या, पेफसू २० म्हणजे २०, अर्थात निम्म्या धान्याच्या. बिअरलाही हेच, पेफसू जितका जास्त तितकी बिअर पातळ. मेदिनेत हाबूच्या आपल्या देवळात राजा रामसेस तिसऱ्याने दक्षिणेच्या बाहेरच्या भिंतीवर नैवेद्याचं पंचांगच कोरून ठेवलंय. सणवार, पदार्थ, नग, आणि त्यासोबत पेफसू. सोकर देवाच्या सणाला ३,६९४ भाकऱ्या, ४१० गोड वड्या, ९०५ घडे बिअर. ओपेतच्या, म्हणजे अमूनच्या मिरवणुकीच्या सणाला ११,३४१ भाकऱ्या, ८५ वड्या, ३८५ घडे. भटारखान्याचा मुकादम त्या भिंतीवरून थेट धान्य काढून देऊ शकला असता इतकी ती नोंद पक्की आहे.

हे धान्य कुठून यायचं? रामसेस तिसऱ्याच्या अखेरच्या काळाचा हॅरिस पपायरस, ४० मीटरहून लांब, त्यात अमूनच्या नावावर ८६,४८६ माणसं, ४,२१,३६२ जनावरं, ४३३ बागा, ८३ जहाजं, ६५ गावं आणि ८,६४,१६८ अरूरा जमीन लावली आहे. अरूरा म्हणजे शंभर हात लांब, शंभर हात रुंद तुकडा, सुमारे २,७३५ चौरस मीटर. गुणाकार केला तर जवळपास २.३६ लाख हेक्टर.

आणि हे बिघडायचंही. याच रामसेस तिसऱ्याच्या २९व्या वर्षी देर अल-मदिनाच्या कारागिरांचं धान्य थकलं. राजांची थडगी कोरणारी ही माणसं हत्यारं ठेवून निघाली आणि थुतमोस तिसऱ्याच्या देवळामागे जाऊन बसली, मग रामेसियमला, म्हणजे रामसेस दुसऱ्याच्या देवळात. धान्याच्या कोठारांसाठी ती देवळं प्रसिद्ध होती. रामेसियमच्या कच्च्या विटांच्या कमानी कोठारं आजही उभी आहेत. उपाशी माणसं देवळात का गेली हे त्यावरून समजतं.

नाईलकाठ:

ताम्रपट, त्या वाट्यांमध्ये पाळ्यांचा मुद्दा जोडायला हवा, नाहीतर वर्षभर सगळे हजर असत असा समज होतो. पुजाऱ्यांच्या तुकड्या असत. जुन्या राज्यात, म्हणजे पिरॅमिडांच्या कालखंडात, अबुसीरच्या देवळांतल्या पपायरसांच्या वेळी, पाच तुकड्या आणि प्रत्येकीचे दोन भाग, म्हणजे एका भागाची पाळी दहा महिन्यांतून एकदा. मधल्या राज्यापासून, म्हणजे त्यानंतरच्या मोठ्या कालखंडापासून, चार तुकड्या, एक महिना सेवा आणि तीन महिने घरी. टॉलेमी तिसऱ्याच्या काळात, इ.स.पू. २३८ च्या कॅनोपस फर्मानाने पाचवी तुकडी वाढवली. पाळी नसताना हीच माणसं लेखनिक, शेतमालक, कारागीर. पूर्णवेळ देवळात राहणारे थोडे.

पाळी बदलताना सामानाची मोजणी व्हायची. अबुसीरच्या नोंदींमध्ये भांड्यांची यादी आहे आणि प्रत्येकासमोर शेरा: काठ तुटलेला, तडा, दुरुस्त केलेलं. मावळती तुकडी सही करून देई, येणारी ताब्यात घेई. चार हजार वर्षांपूर्वीचा मालसाठा-ताळा इतक्या बारकाईचा दुसरीकडे क्वचित सापडतो.

शुद्धीचे नियम पाळीपुरते लागू. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो की पुजारी दिवसा दोनदा आणि रात्री दोनदा थंड पाण्याने आंघोळ करत, एक दिवसाआड सगळं अंग भादरत, तागाचे कपडे आणि पपायरसच्या वहाणाच वापरत, मासे खात नसत. लोकर देवळात चालत नसे. हेरोडोटस इ.स.पू. पाचव्या शतकातला, त्याचं सगळं जसंच्या तसं मागच्या दोन हजार वर्षांना लावू नये, पण मुंडण आणि तागाचे कपडे चित्रांत जागोजाग दिसतात.

पदं चढायला किती काळ लागायचा ते अमूनचा पुजारी बाकेनखोन्सू याच्या म्युनिकमधल्या पुतळ्यावर आहे. चार वर्षं शाळा, अकरा वर्षं राजाच्या तबेल्यात, मग चार वर्षं वाब म्हणजे सर्वांत खालचा पुजारी, बारा वर्षं ‘देवपिता’, पंधरा वर्षं तिसरा पुजारी, बारा वर्षं दुसरा, आणि सत्तावीस वर्षं अमूनचा पहिला पुजारी. रामसेस दुसऱ्याच्या दीर्घ राजवटीमुळेच हे शक्य झालं.

दालचिनी:

धुपाबद्दल. एदफूला स्तंभदालनाच्या बाजूला एक छोटी बिनखिडकीची खोली आहे. तिला ‘प्रयोगशाळा’ म्हणतात, कारण भिंतीवर उटणी आणि धुपाच्या कृती कोरल्यात. त्यांतली सगळ्यांना माहीत असलेली म्हणजे कायफी, १६ द्रव्यांची. लव्हाळ्याचे कंद, वेखंड, जुनिपरची फळं, मस्तकी, पुदिना, पाइनची राळ अशी सुकी द्रव्यं कुटून, चाळून, दारूत भिजवायची. दुसरीकडे मनुका आणि मरूद्यानातली दारू एकत्र करून पाच दिवस ठेवायची. ऊद आणि मध वेगळा शिजवून आटवायचा. मग सगळं एकत्र, आणि कुटलेला बोळ सर्वांत शेवटी. बोळाचा सुगंध उष्णतेने उडतो, म्हणून तो आधी घालायचा नाही. घरी करून बघणाऱ्यांची गफलत नेमकी इथे होते. दुसरी गफलत मनुकांची: त्या नीट मुरल्या नाहीत तर गोळ्या सुटतात आणि निखाऱ्यावर नुसता जळकट साखरेचा वास येतो. कायफी सावकाश जाळायची असते, निखारा राखेने झाकून.

सकाळी ऊद, दुपारी बोळ, संध्याकाळी कायफी अशी वाटणी रोमन काळातला ग्रीक लेखक प्लुटार्क याने दिली आहे. एदफूच्या भिंतींवर ती तशी सरळ मांडलेली नाही, त्यामुळे ती त्याच्या काळातली धरावी.

ऊद आणि बोळ दोन्ही इजिप्तमध्ये उगवत नाहीत. राणी हातशेपसुतने पुंत या धुपाच्या देशावरच्या मोहिमेत मुळांच्या गड्ड्यांसकट झाडंच आणवली. देर अल-बहारीच्या तिच्या देवळाच्या भिंतीवर ती टोपल्यांत घालून खांद्यावर नेताना दाखवलीत, मजकुरात ३१ झाडं. रुजली की नाही, त्याचा पुरावा नाही. नंतरच्या राजांना पुन्हा मोहिमा काढाव्या लागल्या एवढं नक्की.

जाता जाता, मराठी वाचकांसाठी एक खरा दुवा. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात सेरापिसच्या देवळात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळे मिरे सापडले, पहिल्या शतकातले. २०२२ मध्ये तिथल्याच इसिसच्या देवळात बुद्धमूर्ती मिळाली, त्याच देवळातून संस्कृत शिलालेख आणि सातवाहनांची दोन नाणीही. म्हणजे रोमन काळात या देवळांत पूजेला येणाऱ्यांत दख्खनचा व्यापार करणारे लोक होते.

नक्षत्रवेध:

देऊळ उभं राहायच्या आधीचे विधी राहिले. एदफूवर ते संपूर्ण मिळतात आणि तारीखही मिळते: टॉलेमी तिसऱ्याचं दहावं वर्ष, २३ ऑगस्ट इ.स.पू. २३७. काम चालू-बंद होत इ.स.पू. ५७ मध्ये संपलं.

क्रम असा. राजा आणि लेखनदेवी सेशात दोन खुंट्या ठोकून त्यांच्यामध्ये दोरी ताणतात. दिशा रात्री घेतली जाई, सप्तर्षींकडे बघून. साधनं दोन: मेरखेत म्हणजे ओळंबा लावलेली आडवी पट्टी, आणि खजुराच्या फांदीच्या शिरेला फट पाडून केलेली दर्शनी. एकाने ओळंबा धरायचा, दुसऱ्याने फटीतून तारा आणि ओळंबा एका रेषेत आणायचे. मग कुदळीने चर खणायचा, भूजल लागेपर्यंत. ते पाणी म्हणजे नून, सृष्टीआधीचा जलसागर. चरात स्वच्छ वाळू भरायची, चार कोपऱ्यांसाठी मातीच्या विटा पाडायच्या, पायाच्या खड्ड्यांत छोटी अवजारं, पदार्थांचे नमुने, राजाचं नाव कोरलेल्या फरश्या ठेवायच्या. पहिला दगड तरफेने हलवायचा. शेवटी देऊळ त्याच्या धन्याच्या स्वाधीन.

कर्नाकचा मुख्य अक्ष वर्षातल्या सर्वांत छोट्या दिवसाच्या सूर्योदयाकडे आहे आणि तो नदीलाही जवळपास काटकोनात आहे. दोन्ही गोष्टी एकाच जागी जुळल्या, हे त्या जागेचं भाग्य. बहुतेक देवळांत नदीशी काटकोन हाच नियम दिसतो आणि आकाशाचा संबंध ताणून आणलेला असतो. अबू सिंबेलच्या रामसेस दुसऱ्याच्या देवळातही तसंच. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला सूर्य गाभाऱ्यात पोचतो हे खरं. ते रामसेसचा वाढदिवस आणि राज्याभिषेक असल्याचा मात्र काहीही पुरावा नाही. कृपया ते पुढे ढकलू नये.

चुनखडी:

नक्षत्रवेध यांनी पायाचा विधी सांगितला, मी पायाची अवस्था सांगतो.

वाळू भरलेला चर हा पाया म्हणून वाईट नाही. बंदिस्त वाळू भार सारखा वाटते आणि हलत नाही, जोवर ती बाजूला सरकायला जागा मिळत नाही. कर्नाकच्या स्तंभदालनात गडबड वेगळी झाली. काही खांबांखाली आधीचा राजा अखेनातेन याच्या पाडलेल्या देवळांचे छोटे दगड, तलातात, भरले. तलातात ५२ × २६ × २४ सेंमी, म्हणजे एका माणसाला उचलता येणारा. बांधकाम झपाट्याने व्हावं म्हणून अखेनातेनने ते माप निवडलं. पाडायलाही ते तितकंच सोयीचं ठरलं. नंतरचा राजा होरेमहेब याने दुसऱ्या, नवव्या आणि दहाव्या दाराच्या पोटात ते भरले, त्यामुळे आज हजारो चित्रित दगड सुरक्षित मिळाले. पण सुमारे २१ मीटरच्या खांबाखाली लहान लहान दगडांचा थर म्हणजे असंख्य सांधे, आणि त्या सांध्यांतून क्षारयुक्त भूजल.

३ ऑक्टोबर १८९९ ला ११ खांब एकापाठोपाठ कोसळले. जॉर्ज लेग्रां तेव्हा तिथे काम पाहत होते. त्यांनी दालन मातीने भरत नेऊन, उतारावरून एकेक चकती चढवून खांब परत रचले. म्हणजे मुळात ज्या पद्धतीने ते उभारले असावेत तीच. पहिल्या दाराच्या आतल्या अंगाला कच्च्या विटांचा बांधकामाचा उतार अजून पडून आहे, कारण ते दार कधी पूर्णच झालं नाही. तिसाव्या राजवंशाचं काम अर्धवट राहिलं. मातीच्या उताराचा इतका थेट पुरावा दुसरीकडे क्वचितच बघायला मिळतो. तिथे गेलात तर दक्षिणेकडच्या बुरुजामागे जरूर बघा, बहुतेक गट तिथे थांबत नाहीत.

क्षारांचं गणित असं. वालुकाश्म गेबेल अल-सिलसिलाचा, सच्छिद्र. जमिनीतलं पाणी केशाकर्षणाने भिंतीत चढतं, पृष्ठभागावर सुकतं, मीठ मागे राहतं. मिठाचे स्फटिक छिद्रांत वाढतात आणि वरचा कोरीव पापुद्रा सुटून पडतो. म्हणून नासाडीचा पट्टा जमिनीलगत नसून काहीसा वर असतो, जिथे पाणी येऊन सुकतं तिथे. पूर्वी नदीचा पूर वर्षातून एकदा यायचा आणि ओसरताना क्षार धुऊन न्यायचा. आस्वानचं मोठं धरण १९७० मध्ये झाल्यावर बारमाही सिंचन आलं आणि भूजल वर्षभर वरच राहिलं. या शतकाच्या पहिल्या दशकात कर्नाक आणि लक्सरभोवती चर-विहिरींनी पाणी उतरवलं.

दुरुस्तीत झालेली घोडचूक म्हणजे सिमेंट. विसाव्या शतकात भेगा आणि खांबांचे तळ सिमेंटने भरले. सिमेंट दगडाहून घट्ट, पाणी त्यातून बाहेर पडत नाही, शेजारच्या दगडातून पडतं, आणि सिमेंटमधले क्षारही त्यात उतरतात. ठिगळ शाबूत, भोवतीचा मूळ दगड भुसभुशीत. आता ते काढून चुन्याचा गिलावा वापरतात. काढताना छिन्नी हातानेच चालवावी लागते. यंत्राच्या कंपनाने पापुद्रे सुटतात. आधी पाणी थांबवायचं, मग क्षार कागदाच्या लगद्याच्या ओल्या लेपाने ओढून काढायचे, मग भरणी. हा क्रम उलटा केला तर सगळं काम वाया.

पाटीपेन्सिल:

इतकं सगळं बंद दाराआड, तर सामान्य माणसाला देव भेटायचा कुठे?

शिळालेख:

तीन ठिकाणी.

एक, मिरवणुकीत. गाभाऱ्यातली मूर्ती पडदे लावलेल्या छोट्या होडीत बसवून, दांड्या खांद्यावर घेऊन पुजारी बाहेर काढत. तुतानखामेनच्या पुनःस्थापनेच्या शिलालेखात अमून आधी ११ दांड्यांवर होता, आता १३ दांड्यांवर केला, असं म्हटलं आहे. दांड्या वाढल्या म्हणजे भार आणि भोई वाढले. ओपेतचा सण पुराच्या ऋतूच्या दुसऱ्या महिन्यात, कर्नाकहून लक्सरच्या देवळापर्यंत, सुमारे तीन किलोमीटर. थुतमोस तिसऱ्याच्या काळी ११ दिवस, रामसेस तिसऱ्याच्या काळी २७. हातशेपसुतच्या लाल देवळीवर जाताना जमिनीवरून, वाटेत सहा थांबे, आणि येताना नदीतून असं कोरलं आहे. नंतर जाणं-येणं दोन्ही नदीने. लक्सरच्या स्तंभमार्गात पश्चिमेच्या भिंतीवर जाणं आणि पूर्वेच्या भिंतीवर परतणं आहे, ढोलकरी, कसरती आणि शिंगं सजवलेले बैल यांच्यासकट.

या मिरवणुकीत देवाला प्रश्न विचारता येत. होडी पुढे सरकली तर होकार, मागे सरकली तर नकार. देर अल-मदिनाला देवत्व पावलेल्या अमेनहोतेप पहिल्याच्या मूर्तीपुढे घरांचे वाद, चोऱ्यांचे आरोप असे सुटत. दोन लेखी पर्याय ठेवून एक निवडून घ्यायचीही पद्धत होती. भोई होडी हलवतात, मग निर्णय त्यांचाच, असं लगेच वाटतं. पण लोक त्या निकालावर घरं सोडून देत, शपथा घेत. गावातल्या सगळ्यांना ज्याची जाण आहे अशा वादात उघड अन्याय खांद्यावरून पेलणं सोपं नव्हतं.

दोन, देवळाच्या पाठीमागे. कर्नाकच्या पूर्वेला गाभाऱ्याच्या अक्षावरच, पण बाहेरून उघडणारं एक देऊळ आहे, प्रार्थना ऐकणाऱ्या अमूनचं. थुतमोस तिसऱ्याने सुरुवात केली, रामसेस दुसऱ्याने पुढे वाढवलं. अशा ठिकाणी लोक कान कोरलेल्या शिळा वाहत, कधी एक कान, कधी अनेक.

तीन, बाहेरचं अंगण, पुतळ्यांच्या मध्यस्थीने. हापूचा मुलगा अमेनहोतेप या अधिकाऱ्याचा पुतळा लोकांना लेखात सांगतो की तुमची विनंती मी अमूनपर्यंत पोचवतो. अंगणातल्या खांबांच्या तळाशी हात उंचावलेली टिटवी आणि बाजूला तारा दिसला तर समजा की इथवर ‘सर्व प्रजा पूजन करते’. टिटवी म्हणजे प्रजा. कुठवर कुणाला प्रवेश होता याचा अंदाज या खुणांवरून बांधतात, पण त्या आतल्या भागातही आढळतात, म्हणून एकट्या टिटवीवर विसंबून सीमारेषा आखू नये.

नाईलकाठ:

पुतळ्यांवरून आठवलं म्हणून जोडतो. लोकांनी, अधिकाऱ्यांनी अर्पण केलेल्या पुतळ्यांनी अंगणं भरून गेली की ते फेकत नसत, देवाची मालमत्ता ती. देवळाच्या आवारातच पुरत. १९०३ पासून लेग्रांना सातव्या दारासमोरच्या अंगणात असाच खड्डा सापडला; सुमारे ७५० दगडी पुतळे आणि १७,००० कांस्यमूर्ती. भूजलात उतरून, चिखलातून, पंप चालू ठेवून ते काढावे लागले. आज पुजाऱ्यांच्या घराण्यांच्या ज्या वंशावळ्या पिढ्यान् पिढ्या जुळवता येतात त्या मोठ्या प्रमाणात त्या एका खड्ड्यामुळे.

ताम्रपट:

आणि तलावाच्या दक्षिणेचा पक्ष्यांचा वाडा विसरू नका. अमूनच्या पूजेतले हंस-बदकं तिथे ठेवत, आणि तटातून एक छोटं भुयार थेट तलावात उघडतं, पक्ष्यांना पाण्यात सोडण्यापुरतं. पूर्वेला पुजाऱ्यांची घरं. नकाशात ही जागा बहुधा कोरी दाखवतात.

पाटीपेन्सिल:

हे सगळं बंद कधी पडलं?

शिळालेख:

एकदम नाही. रोमन काळात जमिनी सरकारकडे गेल्या, ताम्रपट यांनी दाखवलेला भाकरीचा ओघ आटला, आणि तिसऱ्या शतकापासून मोठी देवळं रिकामी होत गेली. कर्नाकला थुतमोस तिसऱ्याच्या उत्सवदालनात चर्च झालं. खांबांवर संतांची चित्रं अजून पुसट दिसतात. आस्वानजवळच्या फिले बेटावर दक्षिणेच्या नूबियन भक्तांमुळे इसिस देवीची पूजा सर्वांत उशिरापर्यंत टिकली. तिथे २४ ऑगस्ट ३९४ ला एका पुजाऱ्याने मांदुलिस देवाच्या चित्राशेजारी कोरलेला मजकूर हा चित्रलिपीतला तारीख असलेला शेवटचा लेख. डेमोटिक या रोजच्या वापरातल्या झरझर लिपीतला शेवटचा तिथलाच, इ.स. ४५२ चा. सहाव्या शतकात जस्टिनियनच्या हुकुमाने देऊळ बंद करून मूर्ती कॉन्स्टँटिनोपलला नेल्या. १९७०च्या दशकात ते देऊळ सुटं करून शेजारच्या अगिलकिया बेटावर हलवलं. मांदुलिसच्या शेजारचा तो लेख पाहायचा असेल तर हेड्रियनच्या दारात, उत्तरेच्या भिंतीवर शोधा.